गोकाक वगळलं, मग सहल जमली

सहल ठरवायचं काम माझ्यावर आलं ते भूगोलामुळं. ताई कोल्हापूरला, आम्ही बेळगावात. दोघांनी एकमेकांकडं जायचं म्हटलं की एका घरावर पाहुण्यांचा भार पडतो आणि दुसरं घर हायवेवर दमतं. मध्ये कुठंतरी भेटूया, असं दिवाळीत ठरलं. नकाशावर मध्य काढला तर तो हुक्केरी तालुक्यात येतो, आणि तिथं हिडकल धरणाच्या पाण्याच्या कडेला माझी आत्ती राहते. त्यामुळं जागा शोधायला कुणी डोकं खाजवलं नाही. डोकं खाजवायला लागलं ते बाकी सगळ्यासाठी.

आईनं एकच अट घातली. "गाडीतनं उतर, फोटो काढ, परत गाडीत बस, असली सहल मला नको. पाण्याच्या काठाला बसायचं आणि परत यायचं." आईचे गुडघे दुखतात, पण अट गुडघ्यांमुळं नव्हती. मागच्या एका सहलीत तिनं एका दिवसात इतकी देवळं पाहिली, की घरी आल्यावर कुठल्या देवाला काय सांगितलं ते तिला आठवेना.

तळंच हवं होतं तर आमच्या भागात तोटा नाही. बेळगावला सगळ्यांत जवळचं राकसकोप. पण ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचं, तिथं पथारी पसरून बसायचं ठिकाण नव्हे. शिवाय सकाळी जाऊन जेवायला घरी येता येतं, मग मुक्काम कशाला? चंदगडकडं जंगमहट्टी आणि तिलारी आहेत. दोन्हीकडची हिरवाई बघण्यासारखी, पण कोल्हापूरकरांना ते आडवळण पडतं आणि थंडीत तिलारीच्या घाटमाथ्यावर आईला नेणं मला पटेना. मलप्रभेवरचं नविलुतीर्थ मोठं आणि देखणं, पण शेजारीच सौंदत्तीची यल्लम्मा. तिथवर जाऊन डोंगरावर न जाणं आमच्या घरात शक्य नाही, आणि डोंगरावर गेलं की दिवस रांगेत संपतो. राहिलं हिडकल.

हिडकलचं खरं नाव राजा लखमगौडा धरण. बेळगावकरांना हे नाव धरणापेक्षा कॉलेजमुळं जास्त माहीत. वंटमुरीच्या ज्या राजा लखमगौडांच्या नावानं आरएलएस कॉलेज ओळखलं जातं, तेच हे. घटप्रभेवर १९७० च्या दशकात हे धरण उभं राहिलं. भिंत ६२ मीटर उंच, दरवाजे १०, आणि पोटात ५१ टीएमसी, म्हणजे ५१ अब्ज घनफूट पाणी. पावसाळ्यात इथल्या पेपरात रोज पातळी छापून येते आणि २१७५ फुटांवर काटा पोचला की धरण भरलं, असं आम्ही म्हणतो. बेळगावच्या नळाला राकसकोपबरोबर हिडकलचंही पाणी येतं, त्यामुळं या आकड्याकडं लक्ष ठेवायची सवय घराघरांत आहे. आई तर राशिभविष्याच्या आधी तो बघते.

या सगळ्या पाण्याचा उगम मात्र पलीकडं. घटप्रभा चंदगडच्या सह्याद्रीत उगवते, ताम्रपर्णी तिकडूनच येऊन तिला मिळते. इथं लख्ख ऊन असताना धरण वाढत असतं, कारण पाऊस तिकडं घाटात पडत असतो. सीमा कागदावर कुठंही असो, पाणी तिला विचारून येत नाही. आमचं अर्धं गणगोतही तसंच आहे, अर्धं चंदगड-गडहिंग्लजला, अर्धं इकडं.

आता खरी अडचण. लोक "हिडकल कसं आहे?" असं विचारतात, जणू वर्षभर ते एकच असतं. इथं महिना बदलला की गाव बदलावं तसं सगळं बदलतं. आत्तीला फोन लावून मी महिन्यांची चौकशी करायला लागलो, तेव्हा तिनं मला पाण्याचं वर्षच सांगितलं. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढत असतं. ते लालसर, गढूळ, काठाला नुसता चिखल, आणि पाऊस असा की ओसरीवरून खाली उतरवत नाही. पण धरण भरून दरवाजे उघडले की खाली गोकाकचा धबधबा पाहावा तो त्याच दिवसांत. ५२ मीटरवरून नदी एका दमात खाली येते आणि झुलत्या पुलावर उभं राहिलं तरी अंगावर तुषार येतात. नोव्हेंबरपासून पाणी निवळतं आणि तळं भरलेलं असतं. खाली धुपदाळच्या बंधाऱ्यावर लांबून आलेले पक्षी उतरतात, पण गोकाकला तेव्हा धबधब्याच्या जागी काळा कडा आणि त्यावर चार पांढऱ्या रेघा दिसतात. एप्रिल-मेमध्ये पाणी खूप खाली जातं, आणि मग हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ वर येतं. धरण झालं तेव्हा ते पाण्यात गेलं, वर्षातले बरेच महिने ते बुडालेलंच असतं. दगडी बांधणीचं म्हणून टिकलंय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक वाळलेल्या गाळातून चालत जाऊन दर्शन घेतात. पण त्या दिवसांत पक्षी गेलेले, धबधबा वाळलेला आणि ऊन असं की आईला काठाला बसवणं म्हणजे पापच.

म्हणजे पाणी, पक्षी, धबधबा आणि देऊळ एका फेरीत मिळतच नाहीत. कितीही पहाटे निघा, कितीही जोरात गाडी हाणा, मिळत नाहीत. एकदा हे डोक्यात बसल्यावर पुढचं ठरवणं सोपं गेलं. आईला काठाला बसायचं होतं, म्हणजे तळं भरलेलं हवं आणि ऊन कोवळं हवं. तेव्हा थंडी.

थंडीतही कुठला आठवडा, हा वेगळाच हिशेब. डिसेंबरात बेळगावला सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन असतं. आमचा रस्ता त्याच्या उलट्या दिशेला असला, तरी त्या दिवसांत शहरातून बाहेर पडणं म्हणजे जागोजागी पोलीस आणि आंदोलनं. जानेवारीच्या मध्याला संक्रांत, तेव्हा ताईकडं हळदीकुंकू. मग या दोहोंमधला शनिवार-रविवार धरला. भिंतीवरचं कॅलेंडर काढून आईनं एकादशी नाही, संकष्टी नाही, हे तपासलं. शनिवारी मात्र तिचा मारुतीचा वार, त्या दिवशी मासे चालत नाहीत. हिडकलला जाऊन मासे न खाता परत येणं बाकीच्यांना चालण्यासारखं नव्हतं. म्हणून मासे रविवारी दुपारी, हे सगळ्यांत आधी पक्कं झालं आणि बाकीचा कार्यक्रम त्याच्या अवतीभवती बसवला. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. जेवण कुठं आणि कधी, हे ठरलं की निम्मी सहल ठरते.

दुसरी गोष्ट शाळेची. आमच्याकडं शनिवारी सकाळची शाळा असते. मुलीची शाळा बुडवून पहाटे निघावं असं बायकोनं सुचवलं होतं, पण मला ते नको वाटलं. सकाळची शाळा सुटल्यावर, घरून दोन घास खाऊन, आरामात निघायचं. पहाटे साडेचारला कुकर लावायला लागला की सहल सुरू व्हायच्या आधीच घरातल्या बाईची सुट्टी संपलेली असते. हा मुद्दा मी मांडला तेव्हा बायकोनं माझ्याकडं जरा संशयानं बघितलं, पण मान्य केलं.

आई आणि बायको बसनं आधी जातो म्हणत होत्या. शक्ती योजना २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून आमच्याकडच्या बायकांना सरकारी बसला तिकीट काढावं लागत नाही, त्यामुळं कुठंही जायचं म्हटलं की आई आधार कार्ड काढून तयार. पण बस हत्तरगीपर्यंत मिळते, पुढं आतल्या गावांना जाणाऱ्या गाडीची वेळ साधावी लागते. शेवटी आमची छोटी गाडी न्यायचं ठरलं. रेल्वेचा विचारही झाला होता. बेळगाव-मिरज मार्गावर पाच्छापूर, गोकाक रोड, धुपदाळ, घटप्रभा अशी ओळीनं स्टेशनं आहेत, आणि एकट्यादुकट्यानं फक्त पक्षी बघायला जायचं असेल तर मी आजही रेल्वेच सांगेन.

मुक्कामाला धरणावर सरकारी विश्रामगृह आहे. दाजींना तेच हवं होतं, कारण खिडकीतनं धरण दिसतं असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. पण अशा जागी खात्याची परवानगी लागते आणि साहेब लोक आले की आपली खोली आपली राहील याची खात्री नसते. म्हातारं माणूस आणि पोरं बरोबर घेऊन असा जुगार खेळण्यात अर्थ नव्हता. शिवाय आत्ती. तिच्या गावाला जाऊन दुसरीकडं राहिलो असतो, तर पुढची दहा वर्षं लग्नकार्यात तेच ऐकायला लागलं असतं.

मग दाजींची यादी आली. व्हॉट्सअॅपवर, वेळेसकट. शनिवारी संकेश्वराजवळ हायवेवरून दिसणारा वल्लभगड, तिथून हिडकल धरण, संध्याकाळी गोकाक. रविवारी पहाटे धुपदाळ, मग मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकीचा धबधबा, जेवून हुन्नूर, आणि शेवटी "वेळ उरल्यास सौंदत्ती." त्या 'उरल्यास'वर ताईनं एक हसरा चेहरा टाकला होता. दाजी माणूस मोठा हौशी, बँकेत नोकरी केलेली, कुठलाही रकाना रिकामा दिसला की भरावासा वाटतो.

फोन केला. म्हटलं, "दाजी, हुन्नूरचं देऊळ आता पाण्याखाली आहे ओ."

"मग बाहेरनं बघू की."

"बाहेरनं काय बघणार? वर पाणी हाय नुसतं."

गोकाकवर मात्र ते अडले. त्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. धबधबा बारीक असला तरी बघायला बाकीचं आहेच. १८८५ मध्ये स्थापन झालेली गिरणी, १८८७ पासून धबधब्याच्या पाण्यावर केलेली वीज, काठावरचं चालुक्यांच्या काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ, झुलता पूल. मला स्वतःला ती गिरणी धबधब्यापेक्षा जास्त आवडते. पण मी नकाशा पुढं ठेवला. गोकाक घातलं की रविवारचे मासे घाईत खायला लागतील आणि आईचं काठाला बसणं संपलं. "एवढं करदंटासाठी चाललंय का?" असं ताईनं पलीकडून विचारलं, तेव्हा दाजी गप्प बसले. करदंट, म्हणजे गोकाकची ती प्रसिद्ध मिठाई, घटप्रभा गावातही मिळते, हे सांगून मी वाद मिटवला.

वल्लभगडही गेला. तो काही पळून जात नाही आणि दाजींच्या घरापासून जवळ आहे. गोडचिनमलकी गेलं, सौंदत्ती तर नव्हतीच. राहिलं एवढंच: शनिवारी दुपारी आत्तीकडं पोचायचं, संध्याकाळ पाण्यावर. रविवारी निवांत उठायचं, जेवायचं, मग धरण लांबून बघून धुपदाळला पक्षी, आणि तिथूनच दोन्ही गाड्या आपापल्या वाटेला. दाजी हुक्केरीवरून संकेश्वरला हायवेला लागतील, आम्ही पाच्छापूरकडून घरी. कुणालाच आलेल्या वाटेनं उलटं जायला नको. नकाशा बघून मला खरं समाधान झालं ते एवढ्याच गोष्टीचं.

एक गोष्ट यादीत नव्हती, ती मी घातली. अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागायचं. जानेवारीत कारखाने जोरात चालू असतात आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू होतात. एकामागं दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला आणि पुढं टेपवर गाणी मोठ्यानं लावलेली, त्यामुळं हॉर्न ऐकू जात नाही. आमच्या भागात हिवाळ्यात गाडी चालवायची तर ही भीती खरी आहे.

शनिवारी तसं सगळं जमलं. काकती, होनगा, वंटमुरीचा घाट, आणि हत्तरगीला टोल नाक्याच्या पुढं चहाच्या टपरीवर दाजींची गाडी आधीच उभी. कोल्हापुरातून निघताना त्यांनी टाकी जाणूनबुजून निम्मी ठेवली होती, कर्नाटकात शिरल्यावर भरायला. इकडं पेट्रोल स्वस्त पडतं आणि त्या वाचलेल्या पैशांत किती माणसांचा चहा होतो, हे त्यांनी तिथल्या तिथं मांडून दाखवलं. मिरची भजी आली. कोल्हापूरच्या भाच्यानं मिरची आतून काढून ठेवली आणि नुसतं बेसन खाल्लं, त्यावर दुकानदार कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला आणि आई मराठीत हसली.

आत्तीच्या घरी पोचल्यावर चहा, मग दुसरा चहा, आणि ऊन उतरल्यावर मामा, म्हणजे आत्तीचे यजमान, आम्हाला पाण्याकडं घेऊन गेले. गावाबाहेर डांबरी रस्ता संपला, की शेताच्या बांधावरून थेट पाण्याला. आईसाठी प्लॅस्टिकची खुर्ची भाच्यानं डोक्यावरून आणली. तिनं ती पाण्याकडं तोंड करून ठेवली आणि बसली. आम्ही इकडं तिकडं फिरत होतो, ती जागची हलली नाही.

तळं म्हटलं की डोळ्यांपुढं गोल आकार येतो. हे तसं नाही. धरणाचं फुगलेलं पाणी जुन्या ओढ्यानाल्यांतून आत शिरलेलं असतं, एका टेकडीच्या मागून दुसऱ्या टेकडीत, त्यामुळं पलीकडचा काठ म्हणून जे दिसतं तो पुष्कळदा आपलाच काठ वळून आलेला असतो. दाजींनी विचारलं, "गाव कुठलं ते समोरचं?" मामा म्हणाले, "आमचंच की. तिकडनं गेलासा तर गाडीनं लांब पडतंय. आधी हितनं चालत जायचो."

मग त्यांनी हात करून दाखवलं. हा जो बांध पाण्यात उतरतोय तो जुना गाडीरस्ता. त्या वाळलेल्या झाडाच्या पलीकडं आमची दोन शेतं. विहीर त्याच्याही पुढं. उन्हाळ्यात पाणी मागं गेलं की ती जमीन उघडी पडते आणि मग तिथं गाळपेर करतात. नांगरट लागत नाही, गाळाची ओल असते, खत टाकायला नको. पण पाऊस लवकर आला की पीक उभं असतानाच पाणी चढतं. मामा हे सगळं तक्रार म्हणून सांगत नव्हते. पाणी कुठल्या आठवड्यात कुठवर असतं हे त्यांना पाठ होतं, आणि आपण ज्या सुरात लाईट कधी जातात ते सांगतो, त्याच सुरात ते बोलत होते. आईनं मात्र विचारलं, "पैसे मिळाले काय हो तेव्हा?" मामा म्हणाले, "वडलांना मिळाले. पुरले न्हाईत." आणि पुढच्या वर्षीच्या उसाकडं वळले.

पोरांना पोहायचं होतं. मामांनी सरळ नाही म्हटलं, आणि कारण ऐकून ठेवण्यासारखं आहे. अशा पाण्याखाली जुन्या विहिरी असतात, बांधाचे दगड असतात, तोडलेल्या झाडांची खोडं असतात, आणि गाळ कुठं घोट्याइतका तर कुठं कमरेइतका. वरून पाणी शांत दिसतं म्हणून अंदाज येत नाही. घोट्यापर्यंत पाय बुडवायची परवानगी मिळाली, तेवढ्यावर पोरं खूश.

बाकी संध्याकाळी काही घडलं नाही, आणि तेच हवं होतं. पाणकावळे एका खुंटावर पंख पसरून वाळत बसले होते. लांब एक होडी जाळं टाकत होती. दाजी पहिली काही मिनिटं मोबाईल उंच धरून रेंज शोधत होते, मग त्यांनी तो खिशात घातला आणि आईशेजारी खाली गवतावर बसले. दोघांचं निपाणीच्या तंबाखूपासून कुठल्याशा जुन्या लग्नापर्यंत बोलणं चाललं होतं. सासू-जावई एवढे एकमेकांशी बोलतात हे मला माहीत नव्हतं.

रात्री ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगाचटणी आणि खर्डा. रविवारी सकाळी मामा स्वतः होडीवाल्याकडून मासे घेऊन आले, एक मोठा कटला आणि पिशवीभर चिलापी. आत्तीनं संकेश्वरी मिरचीचं कालवण केलं. लाल रंग बघून भाचा घाबरला होता. दाजींनी तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा गोकाकचा विषय काढायचा मोह मी आवरला.

धरणाच्या भिंतीवर वाटेल तसं फिरू देत नाहीत, पहारा असतो, म्हणून आम्ही खालूनच बघितलं. दहाही दरवाजे बंद होते. धुपदाळला चारच्या सुमाराला पोचलो. हा बंधारा इंग्रजांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला, आणि त्याच्या मागं साठलेल्या उथळ पाण्यात १९७४ पासून पक्षी अभयारण्य आहे. इथला मोठा पाहुणा म्हणजे कांड्या करकोचा. मध्य आशियाकडून येतो, दिवसा शेतांत चरतो आणि पाण्याकडं विश्रांतीला येतो. दुर्बीण एकच होती, त्यामुळं रांग लागली. माझ्या मुलीला करड्या रंगाचा थवा दिसला, दाजींना ठिपके दिसले, आईला काही दिसलं नाही, पण आवाज ऐकू आला असं तिनं सांगितलं. जवळून बघायचं असेल तर सकाळी लवकर यायला हवं. आम्हाला मासे जास्त महत्त्वाचे होते, त्यामुळं तक्रार नाही.

साडेपाचला गाड्या वेगळ्या झाल्या. करदंटाचे पुडे आधीच घेतले होते. वाटेत पहिली ट्रॉली दिसली तेव्हा अजून उजेड होता.

आता दाजींना ऑगस्टमध्ये गोकाक करायचंय आणि ते तारीख मागतायत, रजा टाकायला. मी म्हटलं, तारीख मी कशी देऊ? तिकडं चंदगडला पाऊस कसा पडतो त्यावर आहे. पेपरात पातळी बघत राहा, दरवाजे उघडले म्हणून छापून आलं की त्या शनिवारी निघा. हुन्नूरचं आत्तीवर सोपवलंय. देवळाच्या पायऱ्या उघड्या पडल्या की ती फोन करणार आहे.